शेवंता, तुला छातीचा रोग नव्हता

शेवंता, तुझ्या तेराव्याला जेवायला आलेली माणसं तुझं चांगलंच बोलली. पोरगी गुणाची, पोरगी सोसणारी, पोरीनं कधी कुणाला उलटून उत्तर दिलं नाही. हे शेवटचं ऐकून मला तिथंच हसू आलं. मला तू जेवढं उलटून बोललीस तेवढं बोलायची आपल्या गुऱ्हाळावरच्या एकाही गड्याची टाप नव्हती. मग कासुर्डीचे तुझे मामा पानाला चुना लावता लावता म्हणाले, "छातीच्या रोगानं शेवटी डाव साधलाच म्हणायचा. इतकी वर्सं दबून बसला हुता. पर दाजींनी तवा पोरीला वाचवलं, ह्ये बी खरं."

बसल्या जागी सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण हलवली.

तू काविळीनं गेलीस. यवतच्या डॉक्टरनं तुझी पापणी खाली ओढून मला पिवळं दाखवलं होतं. छातीचा रोग तुला कधी नव्हताच. हे मला जेवढं ठाऊक तेवढं कुणाला नाही, कारण तो रोग तुला मीच लावला होता, तोंडानं. तेराव्याला नाही म्हणायला किती वेळ लागला असता? पण नाही म्हटलं की पुढचा सवाल येणार, मग काय होतं? म्हणून मान हलवली. इतकी वर्षं हलवत आलोय, आता ती आपोआपच हलते.

त्या दिवसांतलं तुला थोडंच आठवत होतं. तू मला कैकदा विचारलंस, आबा, मला कसं नेलं, मी काय बोलत होते. मी दर वेळी चुलाणातल्या पाचटाचं काहीतरी काढून विषय बदलायचो. तर आता सांगतो.

तू शिरूरहून पहिल्या बाळंतपणाला आलीस. मंगल झाली. तिसऱ्या दिवसापासून तुझी झोप गेली. तुझी आई म्हणाली, होतं बाळंतिणीला असं. चौथ्या दिवशी तू पोरीला उलटीपालटी करून बघायला लागलीस आणि म्हणालीस, ही माझी नव्हं, माझी कुणी बदलली, माझीच्या कानाला भोक हुतं. पोटातनं कुणी कान टोचून येतं का? पण तुझ्या डोळ्याकडं बघून तुझ्या आईला हसायचा धीर झाला नाही. दुपारी तू पोरीला बोचक्यासारखी काखेत मारून उसात शिरलीस. गड्यांनी तुला धरून आणली. एक गडी माझ्याकडं पळत आला, "आबा, चला, ताई उसात घुसल्यात!"

मी रस उकळायच्या काहिलीपाशी उभा होतो. पाक यायच्या बेतात होता. गुळव्यानं त्या घटकेला काहिलीपासनं नजर काढली तर सगळी काहील करपते, नाहीतर कच्ची राहते. मी म्हणालो, "धरून ठिवा तिला, आलोच." काहील उतरवली, गूळ निवायच्या वाफ्यात ओतली, आणि मग आलो.

हे तुला कुणी सांगितलं मला ठाऊक नाही. गड्यांपैकीच कुणीतरी. पुढं कधीही भांडण झालं की तू म्हणायचीस, "आबांनी आधी गूळ वाचवला, मंग मला." मी म्हणायचो, "मालकाचा गूळ हुता, माझा न्हाई." तू म्हणायचीस, "आन् मी कुणाची हुते?" तिथं आपलं भांडण थांबायचं. संपायचं नाही, थांबायचं.

तुझी आई अंगारा आणा म्हणत होती. बाहेरचं म्हणत होती. मी हटून बसलो की हा बाळंतवात आहे, याला पुण्याचा डॉक्टर पाहिजे. एवढं एक शहाणपण मी केलं. तू बरी झाल्यावर त्याच्यावर मी फार मिरवलं. सकाळी गाडी जुंपून तुला केडगाव स्टेशनला नेली. मंगल आईजवळ ठेवली. आगगाडीत तू बोलायची थांबेनास. खिडकीला, बाकाला, लोकांच्या गठुड्यांना नावं ठेवत होतीस. मी तुझं मनगट धरून बसलो होतो. समोर एक बाई कडेवर पोर घेऊन बसली होती. तिनं विचारलं, "पोरीला काय झालंय, बाबा?"

माझ्या तोंडून निघालं, "छातीचा रोग."

ती बाई पोराला पदरात झाकून उठली. तिच्या शेजारचा उठला. बघता बघता सगळा बाक आपल्याला मोकळा झाला. शेवंता, मला त्याचं बरं वाटलं होतं. वाटलं, वेडी आहे म्हटलं असतं तर माणसं जवळ आली असती, वाकून वाकून बघितलं असतं, हसली असती. छातीचा रोग म्हटला की माणसं लांब होतात पण हसत नाहीत. त्या बाकावर बसूनच मी ठरवलं, गावात हेच सांगायचं.

त्या दवाखान्याचं नाव मी इथंही लिहीत नाही. आपल्याकडं ते नाव शिवीसारखं वापरतात, आणि मीही वापरलेलं आहे. गड्याच्या हातनं चूक झाली की तिथं धाडू का म्हणायचो. त्याच दारातनं तुला आत सोडून आलो. गावात सांगितलं, पोरीला छातीच्या दवाखान्यात ठेवली, हवा बदलाय लागते, लई दिवस लागतील. तुझ्या आईला दम दिला, सख्ख्या भावाला जरी बोललीस तर बघ. तिनं नाही सांगितलं. म्हणून तर मामा तेराव्याला तसं बोलले. त्यात त्यांची काही चूक नाही.

शिरूरचे पाव्हणे एकदाच आले. जावईबापू दारातच उभे राहिले, उपरण्याचा शेव तोंडाला लावून. मंगलला लांबनंच बघितलं. म्हणाले, "आबा, ह्यो रोग घरभर पसरतो म्हणत्यात." मी म्हणालो, "पसरतो." दुसरं काय म्हणणार होतो? वर्षाच्या आत त्यांनी दुसरं लग्न केलं. तू घरी आलीस तेव्हा तुला ते सांगायची पाळी तुझ्या आईवर आली, मी उसाला पाणी द्यायला गेलो होतो. मळा दुसऱ्याचा होता, त्या दिवशी पाण्याची पाळीही माझी नव्हती.

यावर आपण किती भांडलो! तू म्हणायचीस, "तुमी खरं सांगितलं असतं तर?" मी म्हणायचो, "तर काय आरती घिऊन आले असते तुझ्या सासरचे? येडी बायकू कोण नांदवतं?" तू म्हणायचीस, "न्हाई नांदवली असती तर न्हाई. पर त्यांनी मला माझ्या रोगासाठी टाकलं असतं. तुमी दिलेल्या रोगासाठी टाकलं." त्यात काय फरक आहे ते मला तेव्हा खरंच कळत नव्हतं. आता थोडं कळतं. तेव्हा मी म्हणायचो, "बाईमाणसानं एवढा कीस काढू न्हाई."

आता दवाखान्यातल्या त्या लांबट खोलीचं सांगतो. तुझी आठवण तिथपासनं सुरू व्हायची, पण मी तिथं कसा आलो ते तुला माझ्याकडनं ऐकायचं होतं.

पहिल्या दोन भेटींत तू मला ओळख दिली नाहीस. तिसऱ्या खेपेला दवाखान्यातले मला म्हणाले, मागच्या खोलीत आहे, चित्रांच्या बाईंकडे. मी तिथं गेलो तर बायका जमिनीवर बसलेल्या. कुणी गेरूनं रेघा ओढतीय, कुणी मातीचा गोळा थापटतीय, एक जण नुसतीच काळी वाटोळी काढतीय, एकावर एक, कागद फाटेपर्यंत. एका म्हातारीनं मला वरनं खालपर्यंत बघितलं आणि ओरडली, "मामलेदार आला गं! ए मामलेदारा, जोडा काढ की! हितं चित्रं वाळत्यात, डोळं फुटलं का?" सगळ्या हसल्या. मी जोडा काढला. आयुष्यात कुणाच्या दटावण्यानं मी जोडा काढलेला नव्हता.

चित्रांच्या बाई मग पुढं आल्या. पांढरं लुगडं, जाड काचांचा चष्मा. त्या केडगावकडच्या मिशनात वाढल्या, तिथंच चित्रकला शिकल्या, आणि आठवड्यातनं दोनदा इथं येतात, असं त्यांनीच सांगितलं. मी म्हणालो, "बाई, पोरीला मी चित्रं काढाय ठेवली न्हाई. बरी कराय ठेवलीय."

"ते डॉक्टर बघतात," त्या म्हणाल्या. "औषधं आहेत, विजेचा इलाज आहे."

"मग ह्यानं काय हुतं?"

"ते मलाही नीट सांगता येत नाही, आबा. पण ज्या बायका तोंडानं बोलत नाहीत त्या कधी कधी कागदावर काहीतरी मांडतात. मांडलं की मी शेजारी बसते. एवढंच."

मला ते पटलं नाही. पण बाई सरळ बोलत होत्या, मोठेपणा करत नव्हत्या, म्हणून मी थांबलो. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "शेवंताचं मात्र मला कोडं पडलंय. ती कागद घेते, पेन्सिल घेते. काढत काहीच नाही. दिवस मावळला की कागद उशाशी ठेवते, त्यावर पेन्सिल आडवी, बाजूला ताटातला चिमूटभर भात. कुणाला हात लावू देत नाही. सकाळी उठून बघते. कोरा दिसला की रडते आणि माझ्याकडनं दुसरा कागद मागून घेते. तुम्हाला याचा काही अर्थ लागतो का?"

अर्थ मला तिथंच लागला, शेवंता. बाईंचं बोलणं पुरं व्हायच्या आत लागला. पोर जन्मलं की पाचव्या दिवशी पाटा-वरवंटा पुजायचा, त्याच्यापुढं कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. सटवाई येते आणि पोराच्या कपाळी काय ते लिहून जाते. मंगलच्या पाचव्या दिवशी तू माझ्याबरोबर आगगाडीत होतीस, आणि घरी तुझ्या आईला कसली शुद्ध होती! पोरीची पाचवी झालीच नाही. तुझ्या हातात कोणीतरी कोरा कागद आणि पेन्सिल दिली, तर तुला दुसरं काय सुचणार होतं? तू सटवाईची वाट बघत होतीस. ती येत नव्हती. तुझ्या पोरीचं कपाळ कोरं राहत होतं.

हे मी बाईंना सांगायला पाहिजे होतं. दोन वाक्यांचं काम. पण मी त्यांच्या चष्म्याकडं बघितलं. शिकलेली बाई, मिशनातली, आमच्या देवांना न मानणारी. हिला मी, राहू गावचा गुळव्या, सांगू की आमच्यात देवी येऊन कागदावर लिहिते? ही हसेल. उद्या डॉक्टरला सांगेल, तो हसेल. म्हणतील, पोरीचं काय, सगळं घरच तसलं. त्या हसल्या नसत्या. पण मला तसं वाटलं, आणि मला हसलेलं चालत नाही, ते तुला ठाऊक आहे.

मी म्हणालो, "येडाचार हाय, बाई. त्याला कसला अर्थ आलाय?"

तू समोरच बसली होतीस. इतके दिवस मला ओळख न देणारी तू, मान वर करून माझ्याकडं बघितलंस. मग कागद छातीशी धरून भिंतीकडं तोंड केलंस.

पुढं बरी झाल्यावर एकदा तांदूळ निवडता निवडता तू म्हणालीस, "आबा, त्या दिसाचं मला आठवतंय. तुमाला कळलं हुतं. तुमच्या तोंडावर दिसलं मला." मी म्हणालो, "तुला तवा काय दिसत हुतं आन् काय न्हाई!" तू सुपातला खडा उचलून बाहेर फेकलास आणि म्हणालीस, "जे दिसत हुतं त्ये खरं हुतं न्हवं?" मी उठून गेलो. उठून जाणं हे माझं नेहमीचं उत्तर.

पुढची खेप मी टाळली. त्याच्या पुढच्या खेपेला तुझी आई हट्टानं आली. बाईंनी तिलाही तेच विचारलं. तुझी आई कसली थांबतीय? म्हणाली, "अवं बाई, पोरीच्या पोरीची पाचवी ऱ्हायली. सटवाई लिवून गेली न्हाई म्हणून वाट बघती ती. एवढं बी कुणी सांगितलं न्हाई का तुमाला?" आणि माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघत होतो.

बाई हसल्या नाहीत. मग म्हणाल्या, "म्हणजे मी तिला रोज कोरा कागद देत होते आणि रोज वाट बघायला लावत होते." त्या तुझ्यापाशी जमिनीवर बसल्या. "शेवंता, तुझ्या बाळाला काय लिहिलेलं तुला आवडेल?"

तू इतक्या दिवसांनी बोललीस. "मला लिवाय येत न्हाई."

"काढता येईल?"

तू आईकडं बघितलंस. "आई, आपून काढलं तर चालतं का?"

तुझ्या आईनं उभ्या जन्मात मला विचारल्याशिवाय एक निर्णय केला नव्हता. त्या दिवशी तिनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "चालतं. देवीला हितं लांब पडतंय. तू काढून ठिव, ती आली की बघून घील."

मग तू पेन्सिल उचललीस. एक लांबट वाटोळं काढलंस, त्याच्या एका टोकाला दोन आडव्या रेघा. आणखी काही नाही. मला तिथं काहीतरी बोलल्याशिवाय राहवेना. म्हणालो, "ही काकडी हाय का?"

"पोरगी हाय, आबा," तू म्हणालीस. "डोळं मिटल्यात. तिच्या कपाळी झोप लिवली."

मला जोडा काढायला लावणारी ती म्हातारी वाकून बघत म्हणाली, "मामलेदाराला काकडीच दिसायची. भूक लागली आसंल त्याला." आणि तू हसलीस. तोंड दाबून, माहेरवाशीण हसते तशी. त्या दुपारी तू तिथंच त्या रंगांच्या वाट्यांमध्ये जमिनीवर कुशी करून झोपलीस. बाईंनी बायकांना बाजूनं जायला सांगितलं. आम्ही दोघं तुझ्याशी आणखी न बोलताच परत निघालो, आणि तुझी आई रस्ताभर माझ्याशी बोलली नाही.

लगेच बरी झालीस असं नाही. पुढंही वाईट दिवस आले. एकदा तुला बांधून ठेवलेलं मी बघितलं आणि फाटकातनंच परत फिरलो. पण त्या दिवसापासनं कागद कोरा राहिला नाही. तुझी झोप हळूहळू परत आली, आणि झोपेच्या मागनं तू आलीस. औषधानं आलीस का चित्रानं आलीस, हे डॉक्टरला सांगता येत नव्हतं, बाईंनाही नाही. मी मात्र गावात सांगायचो, "मी वेळेवर नेली म्हणून वाचली." आणि रोग सांगायचो छातीचा.

घरी आल्यावर दोन-तीन महिन्यांनीच तू परत तिकडं निघालीस. मला वाटलं, काही होतंय का तुला? तू म्हणालीस, "मला काय झालं न्हाई. पर तिथल्या बाया तिथंच हायेत न्हवं?" पिशवीत तू गेरू घेतलास, नीळ घेतलीस, हळद, चुलीची काजळी. एक गुळाचा खडाही टाकलास, त्या म्हातारीसाठी. तेव्हापासनं दर महिन्याला तू जायचीस. बाई एकदा मला म्हणाल्या होत्या, ज्या बायका माझ्यासमोर हात आखडून बसतात त्या शेवंता आली की रंगात बोट घालतात. तिला काही शिकवावं लागत नाही, ती नुसती शेजारी बसून आपलं आपलं काढत राहते.

आणि मी गावाला काय सांगायचो? "पोरगी तपासणीला जाते. हर महिन्याला छाती दाखवाय लागते." म्हणजे जो रोग विसरला गेला असता तो मी दर महिन्याला नवा करत होतो. एकदा तू पिशवी भरता भरता थांबलीस. "आबा," म्हणालीस, "माझ्या चांगल्या कामाला बी तुमी रोगच करून टाकलं." मी म्हणालो, "येस्टी चुकंल तुझी."

गेल्या दिवाळीच्या आधी तू मला बरोबर चला म्हणालीस. दवाखान्यात पुरुषांच्या बाजूला आपल्याच भागातला एक म्हातारा आलाय, कुंभार आहे, पण मातीला हात लावत नाही. "तुमी हातानं काम करणारं मानूस. त्याच्याजवळ नुसतं बसा. गुळाचं बोला, मातीचं बोला. मला बाईमाणसाला तिकडं सोडत न्हाईत." मी म्हणालो, "मला तिथं कुणी वळखीचं भेटलं म्हंजी?" तू म्हणालीस, "भेटलं तर त्ये बी तिथंच आसंल की, आबा." किती सरळ बोललीस! मी गेलो नाही. दिवाळी झाली, तुझे डोळे पिवळे झाले, आणि ते राहिलं.

आता जे सांगतो ते तुला ठाऊक नाही, कारण ते तू गेल्यावर घडलं.

तेराव्याला मी मान हलवली ती मंगलनं बघितली. ती दाराआड उभी होती. मामांचं बोलणं गावभर गेलं. आईला छातीचा रोग होता, शेवटी त्यानंच नेली, म्हणजे पोरीलाही असणार. आठ-पंधरा दिवसांत मला दिसायला लागलं. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसेना. पाण्याला गेली की बायका घागरी उचलून घ्यायच्या. परवा गुऱ्हाळावर काकवी वाटत होतो. बायका, पोरी भांडी घेऊन आल्या होत्या. मंगल सगळ्यात शेवटी उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा तिनं तांब्या पुढं केला नाही. जमिनीवर ठेवला आणि चार पावलं मागं सरली. कुणी शिकवलं नव्हतं तिला. आपल्याला कुणी शिवू नये म्हणून आपणच मागं सरायचं, हे चौथीतली पोर आपोआप शिकली. मी ओगराळ्यानं काकवी ओतत होतो ती निम्मी बाहेर सांडली.

तुझी आई आधीच गेलेली, आता तूही नाहीस; घरी आल्यावर मंगलच भाकरी थापायला बसली. तुझ्यासारखीच थापते, कड जाड ठेवते. मी चुलीपाशी बसलो. बराच वेळ शब्द जुळवत होतो. आयुष्यात कुणापुढं शब्द जुळवले नव्हते. शेवटी म्हणालो, "मंगल, तुझ्या आईला छातीचा रोग नव्हता."

ती थापतच राहिली. "ठावं हाय."

"काय ठावं हाय?"

"तिला येड लागलं हुतं. मी झाल्यावर. मोठ्या दवाखान्यात हुती, तिथं तिनं माझं चित्र काढलं, झोपल्यालं. आईनं सगळं सांगितलंय."

मी चुलीपुढं सरलो. म्हणालो, "आगं मग शाळंत सांगायचं न्हाई का? त्या बायांना सांगायचं न्हाई? तुला लांब बसवत्यात, घागरी उचलत्यात, आन् तू गप?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली, वरनं पाणी फिरवलं. "आई म्हणली हुती, कुणाला बोलू नगंस. आन् तुला ठावं हाय ह्ये आबांना बी कळू दिऊ नगंस. आबांना लाज वाटती."

शेवंता, मी जन्मभर समजत होतो की घराची अब्रू मी सांभाळतोय. तू माझ्याशी एवढी भांडलीस, तोंडावर सगळं बोललीस, आणि माझ्या पाठीमागं माझ्या लाजेला जपत राहिलीस. वर पोरीलाही ते काम लावून गेलीस. ती माझ्यासाठी चार पावलं मागं सरत होती. ती भाकरी मी ताटात नुसती कुस्करत बसलो. तिनं विचारलं, "करपली का, आबा?" मी म्हणालो, "न्हाई, बाय. चांगली झालीया."

काल सकाळी गुऱ्हाळावर नेहमीची माणसं होती. बायका पण होत्या, आपल्या कुंपणापलीकडची चंद्राबाई होती, नातू कडेवर. मी मंगलचा हात धरून नेलं. घाणा चालू होता, म्हणून मला ओरडून बोलावं लागलं. हळू बोलून भागण्यातलं ते नव्हतंच. मी म्हणालो, "ऐका. शेवंताला छातीचा रोग कधीच नव्हता. बाळंतपणात येड लागलं हुतं तिला. येड्यांच्या दवाखान्यात हुती, बरी होऊन आली, आन् महिन्याला जायची ती तिथल्या बायांसंगं चित्रं काढाय जायची. गेली ती काविळीनं. छातीचं मी सांगितलं हुतं. खोटं सांगितलं हुतं."

कुणीतरी बैल थांबवले. घाण्याचा आवाज बंद झाला. एक जण म्हणाला, "आबा, आता कशाला ह्ये?" दुसरा हळूच म्हणाला, "येड? शेवंताला?" आणि मंगलकडं वेगळ्या नजरेनं बघायला लागला. ते होणार, मला ठाऊक होतं. मी तिचा हात सोडला नाही.

चंद्राबाई मात्र माझ्याकडंच बघत होती. नातवाला तिनं घट्ट धरलं होतं. म्हणाली, "आबा, ह्यो ल्हान हुता तवा शेवंता कुंपणापाशी यायची. ह्याला घ्याया हात फुडं करायची. आन् मी ह्याला पाठीमागं घ्यायची. लई येळा. मंग तिनं हात फुडं करायचंच सोडलं, नुसती बघायची." तिनं नातवाला या कडेवरनं त्या कडेवर घेतलं. "त्ये मी उगाच केलं व्हय?"

सगळे माझ्याकडं बघत होते.

"न्हाई, चंद्राबाई," मी म्हणालो. "तू उगाच न्हाई केलंस. मी सांगितलं म्हणून केलंस."